चित्रपट एक, तबकड्या अनेक

विद्यार्थी मित्रांनो, एका कोड्याने सुरुवात करू. समजा, एका जुन्या बोलपटाच्या दोन तबकड्या तुमच्यासमोर आहेत. चित्रपट तोच, वेष्टनावरचे चित्रही तेच. परंतु एका वेष्टनावर 'अवधी १२५ मिनिटे' असे छापले आहे, तर दुसऱ्यावर 'अवधी १२० मिनिटे'. तुम्ही दोन्ही तबकड्या लावून काळजीपूर्वक पाहता. एकही प्रसंग गाळलेला नाही, एकही संवाद कापलेला नाही. मग ही पाच मिनिटे गेली कोठे?

उत्तर पुढे येईलच. त्याआधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. घरी किंवा शाळेत तबकडीवर आपण जे पाहतो तो मूळ चित्रपट नसतो. ती त्याची नक्कल असते. छापखाने येण्यापूर्वी आपल्याकडे ग्रंथ हाताने उतरवून घेत. उतरवणाऱ्याच्या हातून एखादी ओळ सुटे, एखादा शब्द बदले, आणि त्या पोथीवरून उतरवलेल्या पुढच्या सर्व पोथ्यांत ती चूक तशीच जाई. यातूनच पाठभेद निर्माण झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या आणि चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती याच अडचणीमुळे.

चित्रपटांनाही असे पाठभेद असतात. कोणत्या तबकडीवरचा पाठ मूळ चित्रपटाच्या सर्वांत जवळचा, हे ओळखण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र, थोडे अंकगणित आणि थोडा इतिहास पुरतो.

तबकडी वाचणारे प्रकाशाचे टोक

तबकडीवर एकाच लांबलचक सर्पिल रेषेत सूक्ष्म खळगे कोरलेले असतात. त्यावर लेसरचा किरण पडतो. सपाट जागेवरून तो चांगला परावर्तित होतो. खळग्याची खोली प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे चौथा हिस्सा ठेवलेली असते. त्यामुळे खळग्यातून परतणारा आणि काठावरून परतणारा प्रकाश परस्परांना मारक ठरतात आणि परतीचा प्रकाश मंदावतो. प्रकाशाच्या या तेज-मंद फरकांतून यंत्र ० आणि १ या अंकांची मालिका वाचते. चित्र आणि ध्वनी दोन्ही या अंकांतच साठवलेले असतात.

आता प्रश्न असा, की खळगे किती लहान करता येतील? जाड बोरूने बारीक अक्षर लिहिता येत नाही, तसेच प्रकाशाच्या मोठ्या ठिपक्याने बारीक खळगे वाचता येत नाहीत. ठिपक्याचा आकार दोन गोष्टींवर ठरतो. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितका ठिपका लहान. तसेच भिंग जितक्या मोठ्या कोनातून किरण एकत्र आणील, तितका ठिपका लहान. हा कोन दाखवणारा एक अंक असतो. त्याला आपण येथे 'भिंगांक' म्हणू. ठिपक्याचा आकार तरंगलांबी भागिले भिंगांक या प्रमाणात असतो.

सीडी व व्हीसीडी : तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, भिंगांक ०.४५, भागाकार १७३३.
डीव्हीडी : तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, भिंगांक ०.६०, भागाकार १०८३.
ब्लू-रे : तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर, भिंगांक ०.८५, भागाकार ४७६.

डीव्हीडीचा ठिपका ब्लू-रेच्या ठिपक्यापेक्षा १०८३ ÷ ४७६, म्हणजे सुमारे २.२७ पट रुंद आहे. क्षेत्रफळाचा विचार करता २.२७ चा वर्ग, म्हणजे सुमारे ५.२ पट. तेव्हा त्याच आकाराच्या तबकडीवर ब्लू-रेमध्ये पाचपट मजकूर मावला पाहिजे. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात, त्याची ५.२ पट म्हणजे साडेचोवीसच्या आसपास. प्रत्यक्षात ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावतात! शाळेतल्या गणिताने इतके अचूक उत्तर येते, हे पाहून गंमत वाटते ना?

या रेषा किती जवळजवळ असतात याची कल्पना करा. सीडीवर दोन वळणांतील अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीवर ०.७४ आणि ब्लू-रेवर ०.३२ मायक्रोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी ८० मायक्रोमीटर धरली, तर एका केसाखाली ब्लू-रेची २५० वळणे झाकली जातील. एका डीव्हीडीवरची सर्पिल रेषा सरळ उलगडली, तर ती जवळजवळ १२ किलोमीटर भरेल, आणि ब्लू-रेची २७ किलोमीटर.

एक व्यावहारिक सूचनाही येथेच देऊन ठेवू. डीव्हीडीत खळग्यांवर प्लॅस्टिकचा ०.६ मिलिमीटर थर असतो. ब्लू-रेवर तो केवळ ०.१ मिलिमीटर असतो. म्हणून तिच्यावर कठीण लेप दिलेला असतो. तरीही तबकडी काठाने आणि मधल्या भोकानेच धरावी.

बिटांचा हिशेब

प्रत्येक चित्र असंख्य बिंदूंचे बनलेले असते. व्हीसीडीच्या चित्रात आडवे ३५२ व उभे २८८ म्हणजे सुमारे १ लाख बिंदू असतात. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६ म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार, ब्लू-रेमध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार, आणि २०१६ पासून आलेल्या फोर-के तबकडीत सुमारे ८३ लाख.

डीव्हीडीचा हिशेब करून पाहू. एका बिंदूच्या रंगासाठी २४ बिट लागतात असे धरा. सेकंदाला २५ चित्रे दाखवायची, तर ४,१४,७२० × २४ × २५ म्हणजे दर सेकंदास सुमारे २५ कोटी बिट हवेत. दोन थरांच्या डीव्हीडीत एकूण ८.५ गिगाबाइट, म्हणजे ६,८०० कोटी बिट मावतात. अडीच तासांच्या चित्रपटात ९,००० सेकंद असतात. भागाकार केला तर दर सेकंदाच्या वाट्याला सुमारे ७५ लाख बिट येतात. हवेत २५ कोटी आणि आहेत ७५ लाख. म्हणजे ३३ बिटांचे काम एका बिटावर भागवायचे!

हे साधते ते संक्षेपाने. पात्र बोलत असताना मागची भिंत हलत नाही. मग प्रत्येक चित्रात ती भिंत पुन्हा का लिहावी? मागच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच लिहिले की पुरते. चांगल्या प्रकाशात नायिका स्तब्ध उभी असेल तर काम सोपे असते. पण पाऊस, धूळ, नदीवरच्या लाटा, होळीचा गुलाल अशा दृश्यांत प्रत्येक बिंदू दर क्षणी बदलतो. तेथे बिट अपुरे पडले की चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात.

आता दुकानांत मिळणाऱ्या 'एका तबकडीत तीन चित्रपट' या स्वस्त डीव्हीडी आठवा. तोच हिशेब तीन चित्रपटांसाठी करा. प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला केवळ २५ लाख बिट येतात, म्हणजे १०० बिटांचे काम एका बिटावर. एका घोंगडीत तिघे झोपले की कोणाचे तरी पाय उघडे राहणारच. म्हणून पहिला नियम असा, की एका तबकडीत एकच चित्रपट असलेली आवृत्ती घ्यावी.

पाच मिनिटे कोठे गेली?

आता कोड्याकडे वळू. बोलपटांचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे टिपतो, आणि चित्रपटगृहात ती त्याच वेगाने दाखवतात. परंतु भारत व युरोपातील दूरदर्शन पद्धती, जिला पाल म्हणतात, सेकंदाला २५ चित्रांवर आधारलेली होती. त्या पद्धतीची डीव्हीडी करताना सोपा मार्ग असा, की २४ ची चित्रे २५ च्या वेगाने पळवावीत. १२५ मिनिटांचा चित्रपट १२५ × २४ ÷ २५ म्हणजे बरोबर १२० मिनिटांत संपतो. सुटले ना कोडे? चित्रपटातले काहीही कापलेले नाही. सगळी माणसेच चार टक्के घाईने चालली आणि बोलली.

चार टक्क्यांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. डोळ्यांना ते कळत नाही हे खरे. पण कानांना कळते. ध्वनीही त्याच वेगाने पळतो आणि त्याची वारंवारता वाढते. मूळ गाण्यातील 'सा' २४० हर्ट्‌झचा असेल, तर तो २४० × २५ ÷ २४ म्हणजे २५० हर्ट्‌झ होतो. २४० च्या 'सा'वर कोमल 'रे' २५६ हर्ट्‌झला येतो. म्हणजे आपला षड्ज कोमल ऋषभाच्या निम्म्याहून अधिक वाट चालून गेला! गायकाचा आवाज किंचित कोवळा व चिरका वाटतो. पेटीवर गाण्याची साथ करू पाहणाऱ्याला तर पट्टीच सापडत नाही. काही आवृत्त्यांत वेग वाढवून स्वर मात्र इलेक्ट्रॉनिक युक्तीने खाली आणलेला असतो. तरी वेळ पाच मिनिटांनी कमीच भरतो.

अमेरिका व जपानमधील एनटीएससी पद्धतीत वेगळी तडजोड होती. तेथे सेकंदाला जवळजवळ ६० अर्धचित्रे दाखवत. मग चित्रपटातील एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा, असे आलटून पालटून दाखवून २४ चे ६० केले जात. अवधी आणि स्वर टिकतात, पण कॅमेरा संथपणे वळत असताना चित्र किंचित अडखळते. आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक डीव्हीडी याही पद्धतीच्या आहेत. ब्लू-रे तबकडीवर सेकंदाला २४ चित्रे आहेत तशी ठेवता येतात, हा तिचा मोठा फायदा.

मूकपटांची गोष्ट आणखी निराळी. दादासाहेब फाळके यांच्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत, आणि सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रे टिपली जात. अशी फिल्म २४ च्या वेगाने दाखवली की माणसे दीडपट वेगाने तुरुतुरु धावतात. जुन्या काळची माणसे विनोदीच चालत, असा अनेकांचा समज त्यातूनच झाला! मूकपटाची तबकडी घेताना योग्य वेग राखला आहे का, हे म्हणूनच पाहावे.

चौकट कोणी कापली?

बोलपटांच्या आरंभीच्या काळात पडद्याची रुंदी उंचीच्या १.३७ पट असे. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६) याच काळातला. पुढे रुंद पडदा आला. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा हिंदीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. व्ही. के. मूर्ती यांनी चित्रित केलेल्या या चित्रपटात रुंदी उंचीच्या २.३५ पट आहे.

जुन्या दूरचित्रवाणी संचाची रुंदी उंचीच्या १.३३ पट होती. त्यात २.३५ चे चित्र बसवायचे कसे? पहिला मार्ग असा, की पूर्ण रुंदी दाखवावी आणि वर-खाली काळ्या पट्ट्या सोडाव्यात. दुसरा मार्ग, पडदा भरून टाकावा आणि बाजू कापाव्यात. दुसऱ्या मार्गात १.३३ ÷ २.३५ म्हणजे ५७ टक्केच चित्र उरते; ४३ टक्के नाहीसे होते. पडद्याच्या दोन टोकांना दोन माणसे उभी करून दिग्दर्शकाने त्यांच्यातला दुरावा दाखवला असेल, तर तुम्हाला एकच माणूस दिसतो, किंवा मधली रिकामी जागा! काळ्या पट्ट्या पाहून 'चित्र कापले' अशी तक्रार लोक करीत. खरे पाहता पट्ट्या नसलेल्या तबकडीतच चित्र कापलेले असे.

आजचे संच १.७८ पट रुंद आहेत, म्हणून आता संकट उलटे आहे. 'संत तुकाराम'सारखे चौकोनी चित्र त्यांवर दाखवताना डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. त्या नको म्हणून काही आवृत्त्यांत वरचा व खालचा मिळून जवळजवळ चौथा हिस्सा कापतात, तर काहींत चित्र आडवे ताणतात. कापलेल्यात डोक्यावरचे पागोटे जाते; ताणलेल्यात सगळी माणसे लठ्ठ होतात.

कण म्हणजे घाण नव्हे

जुन्या चित्रपटात बारीक, सतत हलणारी वाळूसारखी झाक दिसते. तिला चुकून दोष समजतात. फिल्मवर चांदीच्या संयुगांचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश पडून आणि रसायनांत धुऊन त्यांचेच चित्र बनते. भिंत जशी विटांची, तसे फिल्मवरचे चित्र या कणांचे.

तबकडी काढणाऱ्याला मात्र हे कण गैरसोयीचे असतात. ते प्रत्येक चित्रात वेगळे असल्याने संक्षेपाला दाद देत नाहीत. मग संगणकाने ते पुसून टाकण्याचा मोह होतो. पण कणांबरोबर त्वचेचा पोत, साडीचे विणकाम, पडवीच्या खांबावरची चीरही पुसली जाते. चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत दिसू लागतात. त्यावर उपाय म्हणून कडा कृत्रिमपणे ठळक केल्या, की प्रत्येक आकृतीभोवती पांढुरकी रेघ उमटते. 'अत्यंत स्वच्छ चित्र' ही जाहिरात वाचली की म्हणूनच सावध असावे. ओरखडे, डाग आणि थरथर काढणे ही दुरुस्ती झाली. कण पुसणे ही मोडतोड झाली.

नक्कल कशावरून केली?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कॅमेऱ्यात फिरते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून एक मध्यवर्ती पॉझिटिव्ह काढतात, त्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून चित्रपटगृहांत जाणाऱ्या प्रती. दर पायरीला थोडा तपशील हरवतो. चित्रपटगृहांत फिरून झिजलेल्या प्रतीवरून फोर-के तबकडी काढली, तरी तिच्यात मूळचा तपशील कोठून येणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार!

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) आणि 'अपूर संसार' (१९५९) या तीन चित्रपटांची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. राय यांच्या काही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह दुरुस्तीसाठी लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. जुलै १९९३ मध्ये तेथे भीषण आग लागली. रिळे होरपळली, वितळली, एकमेकांना चिकटली. राय स्वतः आदल्याच वर्षी वारले होते. कोणी ती रिळे कचऱ्यात टाकली असती तरी आश्चर्य वाटले नसते. पण अमेरिकेतील अकादमीच्या चित्रपट संग्रहालयाने ती जपून ठेवली. कारण, आज जे साधत नाही ते उद्या साधेल.

वीस वर्षांनी ते साधले. क्रायटेरियन ही तबकड्या प्रसिद्ध करणारी संस्था आणि अकादमीचे संग्रहालय यांनी ही रिळे इटलीतील बोलोन्या येथील 'लिम्माजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेकडे सोपवली. तेथील तंत्रज्ञांनी ठिसूळ झालेली फिल्म रसायनांनी पुन्हा मऊ केली, वितळलेली चिकटपट्टी व मेण खरवडून काढले, कडेची फाटलेली भोके हाताने सांधली. या हातकामालाच जवळजवळ एक हजार तास लागले. मग एकेक चित्र फोर-के यंत्रावर टिपले. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग या भाजलेल्या मूळ निगेटिव्हवरून परत मिळाला. उरलेला भाग, आणि 'अपूर संसार' हा संपूर्ण चित्रपट, इतरत्र जपलेल्या चांगल्या दुय्यम प्रतींवरून घ्यावा लागला. निरनिराळ्या पोथ्या ताडून पाठ सिद्ध करण्याचेच हे काम नाही का? ते २०१५ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी तबकडीच्या रूपाने लोकांच्या हाती आले. सुब्रत मित्र यांनी टिपलेले पावसाचे थेंब आणि काशाची फुले त्यानंतर ज्या तपशिलाने दिसली, तो तपशील जुन्या आवृत्त्यांत नव्हता.

पाठभेद कधी कथेतही असतो. 'शोले' (१९७५) चित्रपटाच्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरने हरकत घेतल्यामुळे पोलीस येऊन त्याला थांबवतात असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवण्यात आली. येथे 'चांगली तबकडी कोणती' या प्रश्नाला एक उत्तर नाही. १९७५ मध्ये लोकांनी काय पाहिले हे जाणायचे असेल तर एक पाठ, दिग्दर्शकाला काय हवे होते हे जाणायचे असेल तर दुसरा. दोन्ही देऊन तसे स्पष्ट सांगणारी आवृत्ती उत्तम.

ध्वनीचेही तसेच. एका वाहिनीवर मुद्रित झालेल्या जुन्या चित्रपटाचा ध्वनी सहा वाहिन्यांत पसरून देतात. काही वेळा पावलांचे, घोड्यांच्या टापांचे आवाज नव्याने भरतात. मूळ एकवाहिनी ध्वनी निवडण्याची सोय तबकडीवर असावी.

सहा, तीन, दीड

मग नेहमी फोर-केच घ्यावी का? थोडा विचार करा. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, एवढ्या कोनाचा तपशील वेगळा पाहू शकतो. गणिताने असे निघते, की वस्तूच्या आकाराच्या ३,४३८ पट अंतरावरून ती एवढ्या कोनात दिसते. पडदा १ मीटर उंच असेल आणि चित्रात १,०८० ओळी असतील, तर एक ओळ सुमारे ०.९३ मिलिमीटरची. तिला ३,४३८ ने गुणले की जवळजवळ ३.२ मीटर येतात. याहून दूर बसलात तर ब्लू-रेचा सर्वांत बारीक तपशील डोळ्यांना कळणार नाही. असाच हिशेब करून एक सोपा नियम मिळतो. पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतरापर्यंत डीव्हीडीचा, तीनपट अंतरापर्यंत ब्लू-रेचा आणि दीडपट अंतरापर्यंत फोर-केचा पूर्ण तपशील दिसतो.

घरचा ४० इंची संच सुमारे अर्धा मीटर उंच असतो. तो तीन मीटरवरून पाहिला, तर अंतर उंचीच्या सहापट झाले. तेथे डीव्हीडी आणि फोर-के यांच्या केवळ बारकाव्यातला फरक फारसा उरत नाही. फोर-के तबकडीत रंगांच्या व उजेडाच्या पायऱ्या अधिक असतात (प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १,०२४), तो फरक मात्र दुरूनही जाणवू शकतो. एकंदरीत मूळ निगेटिव्हवरून मनापासून केलेली डीव्हीडी ही झिजलेल्या प्रतीवरून घाईने काढलेल्या ब्लू-रेपेक्षा निश्चित सरस.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. नक्कल कशावरून केली, केव्हा केली आणि दुरुस्ती कोणी केली, हे वेष्टनावर लिहिले आहे का? चांगल्या आवृत्त्या ते अभिमानाने सांगतात.
२. चित्राची मूळ चौकट राखली आहे का?
३. अवधी मूळ अवधीशी जुळतो का? चार टक्के कमी असेल तर कारण आता तुम्हाला माहीत आहे. त्याहून कमी असेल तर काहीतरी कापले आहे.
४. एका तबकडीत किती चित्रपट कोंबले आहेत?
५. मूळ भाषेतील मूळ ध्वनी आहे का? संवादांची भाषांतरे हवी तेव्हा बंद करता येतात का?
६. चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह कायमचे छापलेले नाही ना?
७. तुमच्या यंत्रावर ती चालेल का? तबकड्यांना विभाग-क्रमांक असतात. भारताचा डीव्हीडी विभाग ५, तर ब्लू-रे विभाग सी. फोर-के तबकड्यांना असे विभाग नाहीत.

शिक्षकांनाही एक विनंती. तबकड्यांची दुकाने आता कमी झाली आहेत, आणि संगणकजालावरून दिसणारा चित्रपट आज आहे तर उद्या नाही, किंवा उद्या वेगळ्याच चौकटीत असेल. शाळेच्या कपाटातली तबकडी मात्र आहे तशीच राहते. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची सर्व रिळे आज उपलब्ध नाहीत. जे उरले आहे त्याची चांगली प्रत कोणाच्या तरी कपाटात असणे, हे काही लहान काम नाही.

करून पाहा

१. तबकडीवरचा चित्रपट अशा ठिकाणी थांबवा, की जेथे समोरून पाहिलेले चाक, ताट किंवा पूर्ण चंद्र पडद्यावर आहे. मोजपट्टीने त्याची रुंदी व उंची मोजा. दोन्ही सारख्या असाव्यात. रुंदी उंचीच्या १.३३ पट आली, तर चित्र ताणलेले आहे.

२. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा, आणि लेसरचा किरण किंवा त्याचे परावर्तन कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका. एका मोठ्या पुठ्ठ्याला मध्यभागी बारीक भोक पाडा. त्यातून लाल लेसरचा किरण (तरंगलांबी सुमारे ०.६५ मायक्रोमीटर) १० सेंटिमीटर अंतरावरच्या सीडीवर सरळ पाडा. पुठ्ठ्यावर भोकापासून सुमारे साडेचार सेंटिमीटरवर लाल ठिपका दिसेल. सीडीच्या जागी डीव्हीडी ठेवली, की ठिपका सुमारे १८ सेंटिमीटरवर जाईल. ठिपक्याचा कोन मोजा आणि 'वळणांतील अंतर × कोनाची ज्या = तरंगलांबी' या सूत्राने वळणांतील अंतर स्वतः काढा. मग ब्लू-रे तबकडी ठेवून पाहा. बाजूला ठिपका पडतच नाही! ०.३२ हे अंतर सूत्रात घालून कोनाची ज्या किती येते ते पाहा, म्हणजे कारण तुमचे तुम्हालाच सापडेल.